चार दिवसांत डायव्हर व्हायचंय, आणि मास्कमध्ये पाणी शिरतंय

प्रश्न: माझं वय ४३. दोन महिन्यांनी धाकट्या बहिणीबरोबर सुट्टीवर जाणार आहे. तिच्याकडे स्कूबाचं प्रमाणपत्र आहे. तिने मला न विचारता माझंही ‘ओपन वॉटर’ या स्कूबाच्या पहिल्या, चार दिवसांच्या कोर्सचं बुकिंग करून टाकलं. मला पोहता येतं. पण मागे एकदा स्नॉर्केलिंग करताना मास्कमध्ये पाणी शिरलं, नाकातोंडात गेलं आणि मी धडपडत उभी राहिले. कोर्समध्ये मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरून ते काढावं लागतं, हे वाचल्यापासून पोटात गोळा येतो. खाली श्वास कोंडला तर? माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं तर? बहीण म्हणते, ‘ताई, तू नुसती ये. पाण्यात उतरलीस की काही वाटत नाही.’ आणखी एक, लहानपणी मला दमा होता. कोर्सच्या आधी भरायच्या तब्येतीच्या फॉर्मवर तसं लिहिलं तर घेणार नाहीत, लिहूच नकोस, असं तिच्या ओळखीतले सांगतात. काय करू?
– घाबरलेली ताई

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यात धीर देण्या-घेण्याचा भाग नाही. लिहा. दमा कधी होता, औषध कधी बंद झालं, शेवटचा त्रास कधी झाला, सगळं लिहा.

हे का विचारतात ते कळलं की लपवायची इच्छा होणार नाही. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे १० मीटर खोलीवर तो पृष्ठभागापेक्षा दुप्पट असतो. रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून ज्यातून सिलिंडरमधली हवा घेतात ते यंत्र, तुम्हाला त्या खोलीच्याच दाबाची हवा देतो, म्हणून तिथेही फुप्फुसं नेहमीसारखी भरतात. वर येताना मात्र दाब उतरतो आणि तीच हवा फुगत जाते. १० मीटरवर भरलेला श्वास पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागतो. रॉबर्ट बॉइलचा १६६२ सालचा हा नियम आपण शाळेत मार्कांपुरता पाठ केला होता. डायव्हिंगमध्ये तो छातीत घडतो. म्हणूनच इथला पहिला नियम असा, की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. नेहमीसारखा श्वास चालू ठेवून सावकाश वर आलं की जादा हवा आपोआप निघून जाते. पण दम्याने श्वासनलिका आवळल्या असतील तर फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकू शकते, आणि अडकलेली हवा फुगली तर फुप्फुसाला इजा होते.

फॉर्मवर ‘हो’ लिहिलं म्हणजे दार बंद झालं, असं नाही. त्याचा अर्थ एवढाच, की डॉक्टरांनी तपासून सही द्यायची. लहानपणी दमा असलेली, पुढे वर्षानुवर्षं काही त्रास नसलेली आणि फुप्फुसांची तपासणी नीट आलेली बरीच माणसं डायव्हिंग करतात. तुम्ही त्यांतल्या आहात का, हे ना मी सांगू शकत, ना बहिणीच्या ओळखीतले. शक्य असेल तर डायव्हिंगची माहिती असलेले डॉक्टर गाठा. फॉर्म डायव्हिंग सेंटरकडून आत्ताच मागवून घ्या. तो बहुतेकांच्या हातात पडतो कोर्सच्या पहिल्या सकाळी, आणि मग परक्या गावात डॉक्टर शोधण्यात दिवस जातो, किंवा माणूस वैतागून सगळीकडे ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. एरवी कधी घाबरगुंडीचे झटके येत असतील, त्यावर गोळ्या चालू असतील, तर तेही सांगा. आणि डॉक्टर नाही म्हणाले, तर ते नाहीच. सही न मागणारं दुसरं सेंटर शोधत बसू नका.

आता भीतीकडे वळू. तुमच्या पत्रात दोन भित्या एकमेकींत गुंतल्यात. एक मास्कची आणि श्वासाची. ती शरीराची आहे आणि सरावाने जाते. दुसरी चार दिवसांची, बहिणीची, ‘माझ्यामुळे सगळे थांबतील’ची, ती व्यवस्थेची आहे आणि व्यवस्था बदलली तरच जाते. आपण पहिलीशी झुंजतो आणि दुसरीला हात लावत नाही, म्हणून घोडं अडतं. माझ्या मते तुमच्या बाबतीत दुसरीच मोठी आहे. तरी आधी मास्क.

चेहऱ्यावर आणि नाकात अचानक थंड पाणी आलं की शरीर दचकून श्वास आत ओढतं. यात धीट-भित्रं असं काही नाही, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. त्यात आपण जन्मभर नाकाने श्वास घेतो आणि डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाक झाकलेलं असतं. पाणी शिरलं, दचकलात, नाकाने श्वास ओढला, पाणी घशात, ठसका, धडपड. तुमच्या स्नॉर्केलिंगच्या दिवशी बहुधा असंच झालं असणार. तेव्हा शिकायची गोष्ट तशी एकच आहे: तोंडाने आत, नाकाने बाहेर, चेहरा ओला असतानाही. आणि ही घरी शिकता येते. मोठ्या टबात पाणी घ्या, मास्क न लावता फक्त स्नॉर्केल तोंडात धरा, चेहरा बुडवा आणि श्वास घ्या. पहिले काही श्वास घाण वाटतील. नाकाने बुडबुडे सोडत राहा. नाकातून हवा बाहेर जात असताना पाणी आत येत नाही. ते जमलं की श्वास तोंडानेच घ्यायचा आणि तोंडानेच सोडायचा, नाक नुसतं पाण्यात असू द्यायचं. ही पायरी जास्त अवघड आहे, आणि खरी उपयोगाची हीच. रोज पाच मिनिटं पुरे. कंटाळा येईपर्यंत करा. कंटाळा आला म्हणजे शरीराने दचकणं सोडलं.

मग कमरेएवढ्या पाण्यात, सोबत कुणीतरी असताना, मास्क लावून. आधी थोडंसं पाणी आत घ्या. वरची कड कपाळावर दाबून धरा, नजर किंचित वर, आणि नाकाने लांब श्वास सोडा. हवा वर साठते आणि पाणी खालच्या कडेने निघून जातं. शिंकरल्यासारखा झटका देऊ नका, त्याने हवा बाजूंनी निसटते. गुणगुणत सोडलात तर श्वास आपोआप लांब आणि नाकातून जातो. पुढे अर्धा मास्क, मग पूर्ण. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही: पॅडी या डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या कोर्समध्ये पूलमध्ये मास्क पूर्ण काढून किमान एक मिनिट पाण्याखाली श्वास घ्यावा लागतो, आणि पुढे समुद्रातही मास्क काढून परत लावायचा असतो. टबातल्या सरावानंतर यात तुम्हाला नवं असं फार काही उरणार नाही.

आणि कदाचित त्या दिवशी चूक मास्कचीच असेल. भाड्याचा मास्क प्रत्येक चेहऱ्याला बसत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तुमचा. रबरी कडेखाली केसांची एक बट अडकली तरी पाणी झिरपतं. पट्टा करकचून आवळला तर कड वाकडी होते आणि मास्क उलट जास्त गळतो. कोर्ससाठी एकच वस्तू स्वतःची घ्यायची असेल तर मास्क घ्या. बाकी सगळं भाड्याने चालतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचे मास्क मिळतात.

‘खाली श्वास कोंडला तर’ याची दोन उत्तरं आहेत, एक यंत्राचं आणि एक तुमच्या छातीचं.

यंत्राचं सोपं आहे. पाठीवर असतो तो ऑक्सिजनचा सिलिंडर नाही, सगळे तसं म्हणतात तरी. त्यात साधी, गाळलेली, कोरडी, दाबून भरलेली हवा असते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे २०० पट दाबाने, सुमारे २४०० लिटर हवा मावते. तुम्ही ओढाल तेवढी रेग्युलेटर देतो; जाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये केलेल्या यंत्राचं तत्त्व अजून तेच आहे. आजचे रेग्युलेटर अशा रचनेचे असतात की बिघाड झाला तर हवा सहसा बंद पडत नाही, उलट सुसाट बाहेर येऊ लागते. तिच्यातून श्वास कसा घ्यायचा, हेसुद्धा पूलमध्ये शिकवतात. शिवाय प्रत्येकाकडे जोडीदारासाठी एक जादा रेग्युलेटर लावलेला असतो. म्हणजे तुमच्यासाठीचा दुसरा श्वास तुमच्या जोडीदाराच्या अंगावर आहे.

छातीचं उत्तर जास्त कामाचं. हवा पुरत नाही असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा हवा भरपूर असते, साठलेला असतो तो कार्बन डायऑक्साइड. घाबरलं की श्वास भराभर आणि उथळ होतात. तेवढ्या श्वासात तोंड, नळी आणि श्वासनलिकेतली जुनीच हवा आत-बाहेर होत राहते, कार्बन डायऑक्साइड निघत नाही, आणि मेंदू तो वाढला की ‘श्वास घे’ म्हणून ओरडतो. तुम्ही आणखी भराभर घेता. हे चक्र तुटतं ते श्वास सोडून, घेऊन नव्हे. पाय मारणं थांबवा, दोरी किंवा प्रशिक्षकाचा हात धरा, आणि फुप्फुसं रिकामी होईपर्यंत सावकाश सोडा. पुढचा श्वास आपोआप खोल येतो. असे चार-पाच झाले की डोकं परत जागेवर येतं. डायव्हर लोक हेच चार शब्दांत घोकतात: थांबा, श्वास घ्या, विचार करा, मग कृती करा.

पण त्याही आधी वेटसूटचा, म्हणजे थंडी वाजू नये म्हणून घालायच्या अंगाला घट्ट पोशाखाचा, गळा तपासा. भीती वाटते म्हणून गळा आवळतो, की सूटने गळा आवळला म्हणून भीती वाटते, हे पाण्यात कळत नाही. घट्ट सूट छातीही फुगू देत नाही. काठावर दोन मोठे श्वास घेऊन बघा, अडखळले तर दुसरा माप मागा, आणि संकोच करू नका. खाली जाता यावं म्हणून कमरेला वजन बांधतात, ते गरजेपेक्षा जास्त असेल तरी माणूस विनाकारण पाय मारत राहतो आणि धाप लागते. भेदरलेल्या विद्यार्थ्याला पटकन खाली नेण्यासाठी जादा वजन लावायची वाईट सवय काही ठिकाणी आहे. वजन कसं तपासायचं ते शिकवा, असं स्वतःहून म्हणा.

कानांचं थोडक्यात. विमान उतरताना दडे बसतात तसंच, पण लवकर, कारण दाबामुळे हवेच्या आकारमानात होणारा सगळ्यात मोठा बदल पहिल्या काही मीटरमध्येच होतो. नाक धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधी, प्रत्येक मीटरला, हवं तर त्याहून लवकर. दडा सुटला नाही तर थोडं वर या, पुन्हा करा. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खाली असताना संपला, तर वर येताना कान अडकतात.

आता दुसरी भीती. चार दिवसांत पुस्तक, पूल, परीक्षा आणि समुद्र, तेही परक्या जागी, झोप पुरी झालेली नसताना, बहीण काठावर हसत उभी. यात धडधाकट माणूसही गडबडतो. या कोर्समध्ये समुद्रातल्या चार डाइव्ह असतात. पहिल्या दोन १२ मीटरच्या आत आणि नंतरच्या जास्तीत जास्त १८ मीटरपर्यंत. त्या सुट्टीतच करा, तिथलं पाणी त्यासाठीच आहे. बाकी सगळं तिथे करायची गरज नाही. अभ्यास घरी ऑनलाइन होतो. पूलमधले धडे तुमच्या राहत्या ठिकाणच्या सेंटरमध्ये करता येतात, आणि तिथला प्रशिक्षक झालेल्या भागाचं रेफरल, म्हणजे उरलेला भाग दुसरीकडे करता यावा म्हणून दाखला, देतो. पॅडीमध्ये ते शेवटच्या पूर्ण केलेल्या भागापासून १२ महिने चालतं. एसएसआय या अशाच दुसऱ्या संस्थेतही अशी सोय आहे. एकाच संस्थेचं असेल तर दोन सेंटरमधली कागदपत्रं सरळ जातात. तुमच्या हातात दोन महिने आहेत. मास्कशी झालेलं भांडण ओळखीच्या पूलमध्ये, दर आठवड्याला एकदा, पाय टेकतील एवढ्या पाण्यात मिटवता येईल. नंतर समुद्रात नवीन असेल ते फक्त समुद्र.

जवळ असं सेंटर नसेल तर बुकिंग बदला. चार दिवसांचा कोर्स सहा दिवसांवर न्या, किंवा एकटीसाठी प्रशिक्षक मागा. पॅडीच्या नियमांत समुद्रातल्या धड्याला एका प्रशिक्षकामागे आठ विद्यार्थी चालतात. तुम्ही आठात जाऊ नका. तीन-चार असतील तर ठीक. सेंटरला हेही विचारा, की एखादं कौशल्य त्या दिवशी जमलं नाही तर काय करता? ‘दुसऱ्या दिवशी परत घेतो’ हे योग्य उत्तर. ‘जमतं हो सगळ्यांना’ हे उत्तर नाही. कोर्सला दिवसांची मुदत नसते. कौशल्य आलं की पुढे जायचं, एवढीच अट. पोहण्याची चाचणीही शर्यत नाही: २०० मीटर कुठल्याही पद्धतीने, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगत राहणं. तुम्हाला पोहता येतं म्हणता, तर आत्तापासून आठवड्यातून दोनदा जा. अंगात दम आहे हे माहीत असलं की निम्मी धाकधूक तिथेच जाते.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकाला बाजूला घेऊन एका वाक्यात सांगा, ‘मास्कमध्ये पाणी आलं की मी दचकते, मला हळू घ्या.’ त्याने काय केलं ते पाहा. त्याने नक्की काय झालं होतं ते विचारलं, तुम्हाला जवळ ठेवतो म्हणाला, तर माणूस बरा. पाठीवर थाप मारून ‘काही होत नाही’ म्हणाला, तर तो तुमच्या बहिणीहून वेगळं काही शिकवणार नाही, दुसरा मागा. आणि खुणा नीट पाठ करा, कारण यातल्या एका खुणेचा अर्थ रोजच्याहून वेगळा आहे. वर केलेला अंगठा म्हणजे ‘मस्त’ नाही, ‘वर चला’. तळहात सपाट धरून डुगडुगवला म्हणजे काहीतरी बिनसलंय, मग ज्याचं बिनसलं त्याकडे बोट. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.

त्या अंगठ्याबद्दल डायव्हिंगमध्ये एक जुना संकेत आहे. कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो, आणि त्याला का म्हणून विचारत नाहीत. मला हा संकेत सगळ्या उपकरणांहून महत्त्वाचा वाटतो. तुमच्यामुळे लोक थांबतील ही चिंता घेऊन खाली गेलात तर अंगठा दाखवायला उशीर कराल, आणि धोका त्या उशिरात आहे. भीती दाबत दाबत अनावर झाली की माणूस सुसाट वर पळतो, बरेचदा श्वास रोखून. वर दम्याबद्दल लिहिताना सांगितलेली फुगणारी हवा आठवा. वेळेवर दाखवलेला अंगठा म्हणजे दोन मिनिटं थांबून, प्रशिक्षकाबरोबर हळूहळू वर येणं, एवढंच.

थोडी धाकधूक राहील, ती असू द्या. ती दर खेपेला कमी होत असेल, तर पुढे चला. पूलमध्ये बऱ्याचदा करूनही मास्क काढला की तितकाच थरकाप उडत असेल, तर समुद्रातली डाइव्ह पुढे ढकला. डाइव्हच्या आधी धीर यावा म्हणून दारू किंवा शांत करणारी गोळी मात्र अजिबात नको.

बहिणीचं मन मोठं आहे, पण ती तुमची प्रशिक्षक नाही आणि कोर्सच्या दिवसांत तुमची जोडीदारही नको. तिला तिच्या डाइव्हना जाऊ द्या. तुमचा सराव बघायला तिने काठावर बसायचं नाही, हे निघायच्या आधीच ठरवा. ‘मला जमेल की नाही यावर या सुट्टीत बोलायचं नाही’ असं सरळ म्हणा. ताई आहात, एवढा हक्क आहे तुम्हाला.

परतीच्या तिकिटाकडेही एकदा बघा. बऱ्याच दिवसांच्या डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. पाण्याखाली अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जायला तेवढा वेळ हवा. चौथ्या दिवशी दुपारी शेवटची डाइव्ह आणि त्याच रात्री विमान, असं बुकिंग असेल तर तो कोर्स कागदावरच चार दिवसांचा आहे. निघण्याचा दिवस एकाने पुढे ढकला. त्यातून एक मोकळा दिवसही हाती येतो, एखादी डाइव्ह पुन्हा करायची झाली तर.

आणि चारपैकी दोनच डाइव्ह झाल्या आणि सुट्टी संपली, तर येण्याआधी झालेल्या भागाची नोंद प्रशिक्षकाच्या सहीने घेऊन या. उरलेल्या दोन पुढच्या वेळी, दुसऱ्या समुद्रात, दुसऱ्या प्रशिक्षकाकडे पूर्ण होतात.